पिट्सबर्ग पायरेट्स: आजचा संघ आणि उद्याचे खेळाडू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाविषयी मराठी चाहते वारंवार जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती २०२५ चा हंगाम संपल्यानंतरच्या आणि २०२६ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या हिवाळ्यातील स्थितीला धरून आहेत. तथ्ये तपासून लिहिली आहेत. मते मात्र एका चाहत्याची आहेत आणि ती सर्वांना पटतील अशी अपेक्षा नाही.

२०२५ चा हंगाम नेमका कशामुळे फसला?

फलंदाजीमुळे, आणि जवळजवळ केवळ फलंदाजीमुळे. संघाने १६२ सामन्यांपैकी ७१ जिंकले आणि ९१ गमावले. सुरुवातच इतकी वाईट झाली की १२ विजय आणि २६ पराभव अशी अवस्था असताना, मे महिन्यात व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि पिट्सबर्ग परिसरातच वाढलेल्या डॉन केली यांच्याकडे सूत्रे आली. केली यांच्या हाताखाली संघ ५९ सामने जिंकला आणि ६५ हरला. ही कामगिरी गौरवण्याजोगी नसली, तरी आधीच्या पडझडीशी तिची तुलना होऊ शकत नाही.

संपूर्ण हंगामात पायरेट्सने ५८३ धावा केल्या आणि ११७ होम रन, म्हणजे षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. दोन्ही आकडे मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील तीस संघांत सर्वांत कमी होते. याच संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, मात्र लीगमधील चांगल्या पिचरांत मोजले जात होते. एकाच संघात ही दोन टोके का आढळतात, हे समजून घेतले की पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

पॉल स्कीन्सविषयी इतके बोलले जाते ते योग्य आहे का?

योग्य आहे. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची वार्षिक पद्धत. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढली जाऊ लागली. ती पहिलीच सोडत पायरेट्सने जिंकली आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या या उजव्या हाताच्या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडले. करारावर सही करताना त्याला ९२ लाख डॉलर मिळाले, जी त्या वेळी ड्राफ्टमधील खेळाडूला मिळालेली सर्वांत मोठी रक्कम होती. ११ मे २०२४ रोजी तो मेजर लीगमध्ये प्रथम उतरला. त्या वर्षी १३३ इनिंगमध्ये त्याने १७० स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे इतक्या फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले), त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावांची सरासरी, १.९६ राहिला आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

दुसऱ्या वर्षी प्रतिस्पर्धी फलंदाज त्याचा अभ्यास करून येतील आणि तो थोडा खाली येईल, असा अनेकांचा कयास होता. झाले वेगळेच. २०२५ मध्ये त्याचा ईआरए १.९७ होता, स्ट्राइकआउट २१६ होते आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्कारासाठी मतदान करणाऱ्या सर्वांनी त्यालाच पहिली पसंती दिली. पायरेट्सच्या पिचरला हा पुरस्कार मिळण्याची ही तिसरीच वेळ होती. याआधी १९६० मध्ये व्हर्न लॉ आणि १९९० मध्ये डग ड्रेबेक यांना तो मिळाला होता. आणि तरीही स्कीन्सच्या नावावर त्या वर्षी १० विजय आणि १० पराभव लागले, कारण तो मैदानावर असताना त्याच्या संघाला धावाच करता येत नव्हत्या. पुढे कधी या हंगामाविषयी एकच आकडा सांगायची वेळ आली, तर आम्ही हाच सांगू.

त्याला विकून चार-पाच चांगले फलंदाज का आणू नयेत?

हा प्रश्न दर जुलैला आणि दर डिसेंबरला येतो. उत्तर देण्यापूर्वी सेवाकाळाचा हिशेब पाहावा लागतो. मेजर लीगच्या संघात १७२ दिवस काढले की खेळाडूचे एक सेवावर्ष पूर्ण मानले जाते. तीन वर्षांनंतर त्याला लवादामार्फत पगार वाढवून घेण्याचा हक्क मिळतो आणि सहा वर्षांनंतर तो कोणत्याही संघाकडे जाण्यास मोकळा होतो. स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात आला, म्हणून त्याचे पहिले वर्ष अपुरे ठरायला हवे होते. परंतु सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष बहाल करण्याचा नियम आहे आणि तो त्याला लागू झाला. म्हणून २०२९ च्या हंगामानंतर तो मोकळा होईल आणि २०२७ पासून त्याचा पगार लवादाच्या कक्षेत येईल.

म्हणजेच २०२६ मध्येही हा पिचर संघाला त्याच्या खऱ्या किमतीच्या मानाने नगण्य पगारात मिळणार आहे. २०२५ मध्ये त्याचा मूळ पगार ८ लाख ७५ हजार डॉलर होता. इतक्या स्वस्तात असा खेळाडू हाताशी असताना बाकीचा पैसा फलंदाजांवर खर्च करायचा असतो, त्यालाच विकायचे नसते. शिवाय अशा व्यवहारात समोरचा संघ जे देतो ते बहुतेक वेळा विशीतल्या होतकरू खेळाडूंच्या रूपात देतो, आणि होतकरू फलंदाजाला तयार करणे हेच या संघाला जमलेले नाही. आमच्या मते २०२७ चा हंगाम संपेपर्यंत हा विषय काढूच नये. तोवर संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, जवळपासही पोहोचला नाही, तर मात्र तो काढावाच लागेल.

जुन्या व्यवहारांमुळे चाहते इतके धास्तावलेले का असतात?

२०१८ या वर्षामुळे. त्या जानेवारीत संघाने गेरिट कोल या २०११ च्या पहिल्या क्रमांकाच्या पिचरला ह्यूस्टनला दिले. बदल्यात जो मसग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकेल फेलिझ आणि जेसन मार्टिन आले. कोल पुढे लीगमधील अव्वल पिचर ठरला. त्याच जुलैत टँपा बेच्या ख्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे देण्यात आले. आर्चर पिट्सबर्गमध्ये कधीच रुळला नाही. हा व्यवहार अलीकडच्या काळातील सर्वांत एकतर्फी व्यवहारांपैकी एक मानला जातो आणि त्याचे नाव काढले तरी जुने चाहते विषय बदलतात.

न्यायाने सांगायचे तर त्याच जानेवारीत अँड्र्यू मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा बदल्यात ब्रायन रेनॉल्ड्स मिळाला, आणि तो सौदा संघाच्या हिताचा ठरला. सध्याचे महाव्यवस्थापक बेन चेरिंग्टन २०१९ च्या अखेरीस आले. वरील व्यवहारांशी त्यांचा संबंध नाही. पण अविश्वास माणसे बदलल्याने संपत नसतो.

पिचर घडतात आणि फलंदाज घडत नाहीत, असे का?

याचे एकच कारण सांगता येणार नाही, परंतु काही गोष्टी स्पष्ट दिसतात. पिचरचे शरीर, चेंडूचा वेग, फिरकी आणि सुटण्याचा कोन हे सर्व मोजता येणारे घटक आहेत. योग्य उपकरणे आणि प्रशिक्षक असले की त्यांत सुधारणा घडवता येते आणि या संघाने ते चांगले आत्मसात केले आहे. फलंदाजाचा निर्णय मात्र अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात होतो आणि तो बदलणे अधिक अवघड असते. तरीही इतर संघांना जे जमते ते आपल्याला का जमत नाही, हा प्रश्न उरतोच.

उदाहरणे पाहू. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला कॅचर हेन्री डेव्हिस २०२५ मध्ये .१६७ च्या सरासरीने, म्हणजे दर हजार प्रयत्नांत १६७ यशस्वी फटके या दराने, खेळला. त्याचे यष्टीरक्षण सुधारले असून स्कीन्सचे चेंडू तो उत्तम झेलतो, पण पहिल्या क्रमांकाकडून एवढीच अपेक्षा नसते. २०२० मध्ये सातव्या क्रमांकावर आलेला निक गोन्झालेस कामचलाऊ ठरला आहे. २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या टर्मार जॉन्सनचा बोलबाला शाळकरी वयात फार मोठा होता. तो आता बराच ओसरला आहे. केब्रायन हेजला २०२२ मध्ये आठ वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा करार देण्यात आला. तिसऱ्या बेसवर त्याच्याइतके चपळ हात फार थोड्यांचे होते, पण बॅट शेवटपर्यंत बोलली नाही आणि जुलै २०२५ मध्ये तो सिनसिनाटीला गेला.

डेव्हिसच्या निवडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ड्राफ्टमध्ये प्रत्येक संघाला नव्या खेळाडूंवर खर्च करण्यासाठी एकूण रक्कम ठरवून दिलेली असते. डेव्हिस ६५ लाख डॉलरवर, म्हणजे त्याच्या क्रमांकासाठी ठरलेल्या रकमेपेक्षा बऱ्याच कमी पैशांत राजी झाला, आणि वाचलेला पैसा तिसऱ्या फेरीत बबा चँडलर या शाळकरी पिचरकडे वळवता आला. चँडलर क्लेमसन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलही खेळणार होता. त्याला ३० लाख डॉलर देऊन बेसबॉलकडे ओढण्यात आले. म्हणजे फलंदाजाची निवड फसली आणि तिच्यातूनही एक पिचरच निघाला.

चँडलर आणि इतर तरुण पिचर कुठपर्यंत आले आहेत?

चँडलर २२ ऑगस्ट २०२५ रोजी कोलोरॅडोविरुद्ध प्रथम उतरला आणि त्याने चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या. खरे तर तो त्याआधीच तयार होता असे आमचे मत आहे. मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए पातळीवरील इंडियानापोलिस या उपसंघात त्याला आणखी शिकण्यासारखे फारसे उरले नव्हते. ब्रॅक्स्टन अ‍ॅशक्राफ्टनेही त्याच वर्षी संघात जम बसवला, आणि डावखुरा हंटर बार्को सप्टेंबरमध्ये आला. २०२४ मध्ये चमकलेल्या जॅरेड जोन्सच्या कोपरावर मे २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो परतल्यावर लगेच पूर्वीसारखाच वेगवान असेल असे गृहीत धरू नये.

या सर्वांमध्ये मिच केलर हा अनुभवी हात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. तो असामान्य नाही, पण दर हंगामात इमानेइतबारे इनिंग टाकतो, आणि तरुण पिचरांच्या संघात अशा माणसाची किंमत बाहेरून दिसते त्यापेक्षा जास्त असते. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर कॅलिफोर्नियाचा शाळकरी पिचर सेथ हर्नांडेझ घेण्यात आला. निवड जाहीर होताच अनेक चाहत्यांनी कपाळावर हात मारला, कारण सर्वांना फलंदाज हवा होता. ड्राफ्टमध्ये गरज पाहून नव्हे तर गुणवत्ता पाहून निवड करावी, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पिचर जास्त झाले तर त्यांच्या बदल्यात फलंदाज आणता येतात.

मग तसे फलंदाज आणले का?

या हिवाळ्यात आणले, आणि म्हणूनच हे उत्तर मागच्या वर्षीपेक्षा आशादायक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये योहान ओव्हिएडो हा पिचर बोस्टनला देऊन जोस्टिन्सन गार्सिया हा तरुण आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) मिळवला. नावाच्या विचित्र स्पेलिंगमुळे त्याला ‘पासवर्ड’ असे टोपणनाव पडले आहे. त्यानंतर तीन संघांच्या एका व्यवहारात माइक बरोज हा पिचर ह्यूस्टनकडे गेला आणि टँपा बेकडून दुसऱ्या बेसचा ब्रँडन लाव, आउटफिल्डर जेक मँगम आणि डावखुरा पिचर मेसन माँटगोमेरी असे तिघे आले. लावने २०२५ मध्ये ३१ होम रन मारले होते. शिवाय रायन ओहर्नशी दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख डॉलरचा करार झाला. खुल्या बाजारातून आलेल्या फलंदाजाला एकाहून अधिक वर्षांचा करार देणे ही या संघासाठी दुर्मीळ गोष्ट आहे.

यात एक अडचण आहे. लाव आणि ओहर्न दोघेही डाव्या हाताने फलंदाजी करतात आणि ओनील क्रूझही तसाच आहे. डावखुऱ्या पिचरसमोर हा संघ २०२६ मध्येही चाचपडण्याची शक्यता आहे. लावचा करार २०२६ नंतर संपतो, हेही विसरू नये.

क्रूझचे काय करावे?

क्रूझ हा या संघातील सर्वांत गोंधळात टाकणारा खेळाडू आहे. त्याची उंची ६ फूट ७ इंच. २५ मे २०२५ रोजी त्याच्या बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग ताशी १२२.९ मैल, म्हणजे सुमारे १९८ किलोमीटर मोजला गेला. अशी मोजणी सुरू झाल्यापासून इतक्या जोरात कोणीही चेंडू मारलेला नाही. त्याच वर्षी त्याने २० होम रन मारले, ३८ बेस चोरले (म्हणजे फटका नसतानाही धावून पुढचा बेस गाठला), आणि सरासरी मात्र अवघी .२०० राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला शॉर्टस्टॉपवरून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील जागेवरून, मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, सेंटर फील्डला हलवण्यात आले. तिथे त्याचा हात बलवान आहे, पण चेंडूचा अंदाज अजून कच्चा आहे.

काही चाहत्यांना त्याची अदलाबदल करावी असे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. किंमत पडलेली असताना विकण्यात शहाणपण नाही, आणि डावखुऱ्या पिचरसमोर त्याला अधूनमधून विश्रांती दिली तरी उरलेल्या सामन्यांत तो बरेच काही देऊ शकतो.

कॉनर ग्रिफिन खरोखर एवढा मोठा खेळाडू होईल का?

होतकरू खेळाडूंविषयी खात्रीने बोलणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा काही विकत असतो. तरीही ग्रिफिनविषयी बोलताना हात आखडता घेणे अवघड आहे. मिसिसिपीच्या या शाळकरी शॉर्टस्टॉपला २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याच्या बॅटच्या फटकाऱ्याविषयी शंका घेतल्या जात होत्या आणि म्हणूनच तो नवव्यापर्यंत उरला. २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याने ब्रॅडेंटन, ग्रीन्सबोरो आणि अल्टूना या उपसंघांच्या तीन पायऱ्या एकाच हंगामात चढल्या. एकत्रित सरासरी .३३३, होम रन २१, चोरलेले बेस ६५. हंगामाच्या अखेरीस अनेक जाणकारांनी त्याला संपूर्ण बेसबॉलमधील पहिल्या क्रमांकाचा होतकरू खेळाडू मानले.

ज्यांना या पायऱ्यांचा अंदाज नाही त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या वर्षी रणजी सामन्यांत शतकांमागून शतके काढणाऱ्या फलंदाजाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने पिट्सबर्ग सध्या ग्रिफिनकडे पाहते. अल्टूनात त्याचे सामने फार थोडे झाले आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

त्याला २०२६ च्या पहिल्या दिवसापासूनच वर आणावे का?

पूर्वी संघ अशा खेळाडूला काही आठवडे मुद्दाम खाली ठेवत, म्हणजे पहिले सेवावर्ष अपुरे राहून खेळाडू एक वर्ष जास्त ताब्यात राही. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२२ च्या सामूहिक करारात यावर तोड काढण्यात आली. मान्यताप्राप्त याद्यांमध्ये पहिल्या शंभरांत असलेल्या नवोदिताला सुरुवातीपासून संघात ठेवले आणि त्याने सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार जिंकला, किंवा लवादाच्या कक्षेत येण्यापूर्वी एमव्हीपीच्या (सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या) किंवा साय यंगच्या मतदानात पहिल्या तिघांत स्थान मिळवले, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. स्कीन्सला मे महिन्यापर्यंत थांबवल्यामुळे पायरेट्सने ही निवड गमावली, आणि नवोदिताच्या पुरस्कारामुळे त्याचे वर्षही पूर्ण धरले गेले. थांबवून काहीच पदरात पडले नाही.

असे असले तरी ग्रिफिनचा निर्णय हिशेबावर घेऊ नये. सराव शिबिरात तो वेगवान आणि फसव्या चेंडूंसमोर टिकला, तर त्याला शॉर्टस्टॉपवर उभे करावे. नाही टिकला, तर इंडियानापोलिसला पाठवण्यात कमीपणा नाही. एकच गोष्ट होऊ नये असे वाटते: फलंदाजी दुबळी आहे म्हणून वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तिचा भार टाकला जाऊ नये.

२६ आणि ४० च्या याद्या म्हणजे काय?

सामन्यासाठी उपलब्ध असलेला संघ २६ जणांचा असतो, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. सप्टेंबरमध्ये ही संख्या २८ होते. त्यामागे ४० जणांची राखीव यादी असते आणि मेजर लीगमध्ये खेळायचे तर तिच्यात नाव असावेच लागते. या यादीतील तरुण खेळाडूला साधारणतः तीन हंगामांत उपसंघाकडे पाठवता येते. त्यानंतर पाठवायचे झाल्यास इतर संघांना त्याला उचलण्याची संधी द्यावी लागते. म्हणून कधी कधी चांगला खेळणारा मुलगा खाली राहतो आणि साधारण खेळणारा वर दिसतो.

मालक पैसे खर्च करत नाहीत, हे कितपत खरे?

बऱ्याच अंशी खरे. बॉब नटिंग २००७ पासून संघाचे प्रमुख मालक आहेत. संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार हा एप्रिल २०२३ मध्ये रेनॉल्ड्सला मिळालेला आठ वर्षांचा, १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार आहे; मोठ्या शहरांतील संघ एवढी रक्कम दुय्यम खेळाडूंवर खर्च करतात. मेजर लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही, हे कारण पुढे केले जाते. ते खोटे नाही, पण त्याच गटातील मिलवॉकी लहान शहर असूनही वारंवार प्लेऑफ गाठते. २०२५ मध्ये पिट्सबर्गमधील घरच्या मैदानावर “संघ विका” अशा घोषणा झाल्या, त्या उगाच नव्हेत. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि पगारमर्यादेचा वाद तेव्हा पुन्हा पेटेल.

२०२६ मध्ये प्लेऑफ शक्य आहे का?

अशक्य नाही. २०१५ नंतर संघाने प्लेऑफ पाहिलेले नाही. परंतु आता प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात आणि २०२५ मध्ये नॅशनल लीगचे शेवटचे स्थान सिनसिनाटीला केवळ ८३ विजयांवर मिळाले. म्हणजे पायरेट्सला बारा विजयांची भर घालावी लागेल. पिचिंग गेल्या वर्षीइतकेच राहिले आणि फलंदाजी शेवटच्या क्रमांकावरून केवळ मध्यावर आली, तरी हे गणित जुळू शकते. आमचा अंदाज ८० ते ८२ विजयांचा आहे.

या संघाचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे. २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या एका टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू पुढे आले. त्याच वर्षी पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय ठरले. दोघेही उपसंघांपलीकडे गेले नाहीत. रिंकू सिंग पुढे व्यावसायिक कुस्तीत उतरला. पिट्सबर्गमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ओकलंड भागातील फोर्ब्स फील्डची उरलेली भिंत अवश्य पाहावी. १९६० मधील अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात बिल मॅझरॉस्कीने मारलेला विजयी होम रन त्याच मैदानावरचा.

महाराष्ट्रातून सामने कोणत्या वेळी पाहावेत?

घरच्या मैदानावरील सायंकाळचे बरेच सामने तिथल्या वेळेनुसार ६.४० ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.१० वाजलेले असतात. रविवारी दुपारी १.३५ चा सामना आपल्याला त्याच रात्री ११.०५ वाजता पाहता येतो, आणि नोकरदारांसाठी तोच सोयीचा. स्कीन्स दर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी पिचिंग करतो, त्यामुळे गजर लावण्यापूर्वी त्या दिवशीचा जाहीर झालेला पिचर कोण आहे ते पाहून घ्यावे.